सातवा पट्टा

४ ऑक्टोबर, टपालाने

छोट्या,

नऊ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? विमानाच्या त्या लोखंडी जमिनीवर तासन्‌तास टेकून बसतोस, खाली एखादं जुनं पोतं तरी घालत जा. आता म्हणशील, ताईला एकदम गुडघ्याचा पुळका कुठून आला. पुळका आहेच, पण पत्राचं कारण दुसरं आहे.

तुझे फोटो माझ्या टेबलावर आलेत. उत्तरेकडच्या त्या आडबाजूच्या किनाऱ्याचे, पंधरा पट्टे, पंधरा खोकी. खोक्यांवरचं अक्षर पाहिलं आणि हातातला चहा तसाच राहिला. भाऊ बोलत नाही तर नाही, त्याचं अक्षर तरी भेटीला आलं म्हटलं. सैनिक वाहून न्यायचं ते तुमचं जुनं धूड, त्याच्या पोटाला भोक पाडून बसवलेला कॅमेरा, आणि भोकाशी ओणवा तू. शेतात नांगर फिरावा तसं विमान एक सरळ रेघ जाणार, वळणार, शेजारून परत येणार. एका रेघेचे फोटो म्हणजे एक पट्टा, आणि सगळे पट्टे शेजारी जोडून मी नकाशा काढायचा. हे मी तुलाच कशाला सांगतेय? नव्या मुलींना शिकवून शिकवून सवय लागलीय, जाऊ दे.

तर सातवा पट्टा. सहाव्या खोक्यावर तू वेळ लिहिलीस सकाळी नऊ पन्नास. आठव्यावर दहा पंचवीस. मधल्या सातव्यावर दहा पाच. सहाव्यात आणि आठव्यात खडकांच्या सावल्या पश्चिमेला पडल्यात, सकाळी पडाव्यात तशा. सातव्यात त्या पूर्वेला. म्हणजे काय, सूर्य त्या पट्ट्यापुरता मावळतीला जाऊन परत आला? आणि समुद्र बघ. सहाव्यात पाणी खडकांना टेकलंय, आठव्यातही टेकलंय. सातव्यात चांगली अर्धा कोस वाळू उघडी. पस्तीस मिनिटांत समुद्राने ओहोटी आणि भरती दोन्ही उरकली असतील, तर त्याला आमच्या ऑफिसात नोकरी द्यायला हवी. इथे इतकं भराभर कुणी काम करत नाही.

मी चौथी शिकलेली बाई. तुझे भाऊजी गेल्यावर इथे फोटो धुवायला लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांच्या जोडभिंगात डोळे घालून घालून, दोन सपाट फोटोंतून उठून येणारे डोंगर बघत हे काम शिकले. पण सावली वाचायला शाळा लागत नाही.

मी अजून कुणाला बोललेले नाही. मागच्या वेळी वाऱ्याने विमान सरकलं होतं, दोन पट्ट्यांच्या मधे पाचरीएवढी जमीन सुटली होती, आणि खोक्यावर तुझ्या हातचं ‘पूर्ण’ होतं. ते मी भर ऑफिसात साहेबांना दाखवलं. तुला दोन वर्षं विमानावरून उतरवून इंधनाच्या टाक्या भरायला लावलं. ‘तू माझी बहीण की सरकारची?’ एवढी एक ओळ लिहून तू गप्प झालास, तो आजतागायत. म्हणून या वेळी आधी तुला विचारतेय. काय झालं ते खरं सांग.

तुझी ताई


१९ ऑक्टोबर, टपालाने

छोट्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘पट्टा बरोबर आहे. चश्मा बदल.’ नऊ वर्षांनंतर सहा शब्दही पुरते निघाले नाहीत तुझ्या लेखणीतून. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. चश्मा मागच्याच महिन्यात बदललाय, आणि नव्या चश्म्यातून तर जास्तच दिसायला लागलंय.

ओढा समुद्राला मिळतो ना, ती जागा सातव्या-आठव्या दोन्ही पट्ट्यांत येते, ती मी पुन्हा पाहिली. आठव्या पट्ट्याच्या कडेला ओढ्याचं तोंड मोठ्या खडकाच्या डावीकडे आहे. सातव्याच्या कडेला तेच तोंड खडकाच्या उजवीकडे. वाळूचा बांध सरकायला एक अख्खा पावसाळा लागतो, बाबा. म्हणजे सातव्या खोक्यातले फोटो यंदाचे नव्हेतच, मागच्या वर्षीचे आहेत. पाणी कुठेतरी मुरतंय.

कॅमेरा बंद पडला होता का? का झोप लागली? का तुमचा कप्तान म्हणाला, एक पट्टा राहिला तर राहिला, जुनं काहीतरी भरून टाक? सांग की. मला काय वाटायचं ते वाटून झालंय, त्यापेक्षा वाईट तू काही सांगणार नाहीस.

इथलं वातावरणही काही बरोबर नाही. नवे साहेब आलेत, तुमच्याच खात्याचे, गणवेशातले. बूट इतके चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसतं, म्हणून मुली त्यांना बूटसाहेब म्हणतात. हा माणूस येतो आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहतो. बोलत नाही, नुसता उभा. परवा सातवा पट्टा जोडभिंगाखाली होता. वाकून बघितलं आणि म्हणाले,

“इथे घरं कशी?”

मी म्हटलं, “लोक राहतात म्हणून.”

“किती आहेत?”

“तेवीस. तांदळाच्या दाण्याएवढी दिसतात, पण मोजलीत मी.”

“नीट बघा. हा किनारा रिकामा आहे.”

“साहेब, फोटोत दिसतं ते मी काढते. पुसायचं असेल तर लेखी हुकूम द्या.”

लेखी म्हटल्यावर बूट करकरत निघून गेले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “भावाला पत्रं लिहिता वाटतं?” मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर हसून म्हणतात, “भाऊ म्हटला की बहीण लिहिणारच.” माझ्या मनात पाल चुकचुकली. आपलं नातं या ऑफिसात जुन्या दोघा-तिघांनाच ठाऊक आहे, आणि मी लिहिते हे तर कुणालाच नाही.

नकाशा वर्षअखेर छापायचाय. कोपऱ्यात ‘यंदाच्या फोटोंवरून’ असं लिहून खाली माझी सही. खोटी सही मी आजवर केली नाही, तुझ्यासाठीही करणार नाही. पंधरा दिवस वाट बघते.

ताई


२ नोव्हेंबर, मिस्त्रींच्या हाती

छोट्या,

तुमच्या विमानाचे इंजिन-मिस्त्री आत्ता माझ्यासमोर उभे आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत, चहा उभ्यानेच पितात आणि दर घोटाला दाराकडे बघतात. मी म्हटलं, अहो, इथे भिंतीला कान नाहीत, शेजारच्या म्हातारबुवांनाच नीट ऐकू येत नाही. तर म्हणाले, “ताई, भिंतीचं राहू द्या, आमच्या टपालाला डोळे आहेत. तुमची दोन्ही पत्रं त्याच्या हातात पडली ती आधी उघडून, मग चिकटवून. तो म्हणतो, माझ्या बहिणीला सांगा, आता लिहू नकोस.”

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आधी तुला विचारायचं म्हणून मी लिहायला बसले, आणि तुझ्या मानेवर सुरी मीच ठेवली. सावल्या, ओहोटी, ओढ्याचं तोंड, सगळं नीट उलगडून सांगितलं त्या बूटवाल्याला, शिकवणी घेतल्यासारखं.

मिस्त्रींनी मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षी दुपारी तुम्ही चाचणीचे फोटो घेत होतात, इंजिनातून तेल गळायला लागलं आणि तुम्ही त्या उघड्या वाळूवर उतरलात. तीन तासांनी भरती येणार होती. तेवीस घरांतली माणसं, बायका, पोरं जाळ्यांचे दोर घेऊन आली आणि ते धूड ओढत ओढत खडकापर्यंत वर नेलं. एक म्हातारी विमानाखाली वाकून म्हणाली, “एवढा मोठा पक्षी, आणि पोटाला ठिगळसुद्धा नाही? आणा, शिवून देते.” हे सांगताना मिस्त्री हसले. तुमच्या कप्तानाने वहीत ‘कुठेही उतरलो नाही’ असं लिहिलं. म्हणजे त्या लोकांचा उपकारही कागदावर नाही.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात तिथे तुमच्याच खात्याचे ट्रक गेले. आठ दिवसांसाठी चला म्हणाले, बाँब टाकायचा सराव आहे. माणसांना शहराबाहेरच्या गोदामांत कोंबलं, आणि ती परत जाऊ नयेत म्हणून मागे घरं जाळली. आता नकाशात किनारा रिकामा दिसला की काम फत्ते. जिथे गाव नव्हतंच तिथून उठवलं कुणाला?

तू पाठवलेलं पाकीट मिस्त्रींनी कोटाच्या अस्तरातून काढून दिलं. यंदाचा खरा सातवा पट्टा. घरातल्या लहान जोडभिंगाखाली धरला. सावल्या पश्चिमेला, पाणी खडकाला, ओढा डावीकडे, सगळं जिथल्या तिथे. आणि घरांच्या जागी कोळशाचे डाग.

मला वाटलं होतं, कामचुकारपणा झाकायला तू ते चाचणीचे फोटो सातव्या खोक्यात भरलेस. तू तर गाव वाचवत होतास.

पण ऐक. नकाशावर खोटी तारीख मी राहू देणार नाही. घरंही पुसणार नाही. दोन्ही कसं जमवायचं ते माझं मी बघते. पुढचं पत्र टपालाने येईल. वाचून बुचकळ्यात पडू नकोस. पत्ता तुझा असेल, पण ते तुझ्यासाठी नसेल.

ताई


११ नोव्हेंबर, टपालाने

प्रिय भाऊ,

कोणत्या तोंडाने लिहू? माझी मागची दोन पत्रं फाडून चुलीत घाल. म्हातारीने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

चूक तुझी नव्हतीच, माझी होती. काल टेबलाखालचा पसारा आवरायला घेतला तर मागच्या वर्षीच्या चाचणीच्या फोटोंचं खोकं हाती लागलं, आणि ते रिकामं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुझी खोकी आली त्या दिवशी मी दोन्ही खोक्यांतले फोटो काढून पुसायला मांडले होते, आणि परत भरताना मागच्या वर्षीचे तुझ्या यंदाच्या सातव्या खोक्यात भरले. आणि मग तुलाच सावल्यांचा जाब विचारत बसले. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन तो हाच.

आता यंदाचे फोटो कुठे, म्हणशील. तेच सांगायला हात धजत नाही रे. ते मी खाली भिंतीशी टेकवून ठेवले होते. त्या भिंतीला ओल असते हे मला काल का आज माहीत आहे? एकाला एक चिकटून नुसता लगदा झालाय. तीस वर्षांत एक फोटो खराब केला नव्हता, आणि केला तो सख्ख्या भावाच्या मेहनतीचा.

आता थंडीच्या धुक्यात तुम्ही पुन्हा उडणार कसे, आणि नकाशा तर वर्षअखेर हवा. उद्या साहेबांपुढे जाऊन सगळं कबूल करते. मोठे भले गृहस्थ आहेत, शिस्तीचे आहेत, समजून घेतील. घेतलं नाही तर माझं कर्म.

गुडघ्याला गरम पाण्याने शेक.

तुझी अपराधी ताई


२० जानेवारी, मिस्त्रींच्या हाती

छोट्या,

मिस्त्री या वेळी बसलेत, दोन कप चहा घेतलाय, आणि मला लिहायला निवांत वेळ दिलाय. तेव्हा सगळं सांगते.

लगदा मी घरी बादलीत केला. ऑफिसात फेकून द्यायचे जुने फसलेले फोटो असतात, ते पिशवीतून आणले, दोन दिवस भिजवले, वर वजन ठेवून वाळवले. असा सुरेख लगदा झाला की मलाच वाईट वाटलं. तो घेऊन बूटसाहेबांपुढे उभी राहिले.

त्यांनी नखाने एक कोपरा सोलून पाहिला. वास घेतला. मग म्हणाले, “तीस वर्षांत एकही फोटो खराब झाला नाही म्हणे तुमच्या हातून.”

“म्हातारपण, साहेब.”

“म्हातारपण नेमकं सातव्या पट्ट्यावरच आलं?”

ते उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली, करकर करकर. आणि माझ्या कानाशी म्हणाले, “भावाला वाचवताय.”

छोट्या, त्या क्षणी मला काय सुचलं असेल सांग. मी मोठ्याने हसले. खरंच हसले. म्हटलं, “साहेब, दार उघडा आणि बाहेरच्या जुन्या माणसांना विचारा. नऊ वर्षांपूर्वी याच भावाला याच ऑफिसात कुणी पकडून दिलं? त्याची नोकरी जाता जाता राहिली माझ्यामुळे. तेव्हापासून तो माझं तोंड बघत नाही. मी आणि त्याला वाचवणार?”

त्यांनी खरंच बोलावलं. जुने हेडक्लार्क आले आणि म्हणाले, “हो साहेब, बाईंनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही हो.” असं अभिमानाने म्हणाले की माझी मान खाली गेली. बूटसाहेबांना ती शरम खऱ्या चुकीची वाटली असावी. शरम खरीच होती, फक्त चूक वेगळी होती.

पुढे त्यांचाच घोळ झाला. नकाशा उशिरा छापला तर जबाब त्यांना द्यावा लागणार होता, आणि घरं पुसायचा लेखी हुकूम काही त्यांच्या हातून निघेना. कागदावर सही करायची म्हटलं की मोठमोठ्यांची लेखणी वाळते. नकाशा छापून आलाय. तेवीस घरं आहेत. आणि कोपऱ्यात माझ्या हातचं आहे: ‘सातवा पट्टा गेल्या वर्षीच्या फोटोंवरून, वेळ दुपार.’ बघ, एक अक्षर खोटं नाही. खोटं बोलले ती मी. नकाशा बोललेला नाही.

शिक्षा व्हायची ती झाली. माझं टेबल काढून घेतलं. आता मी खाली, जिथे लोकांना नकाशे देतात त्या खिडकीत बसते. मुली वरून चोरून चहा आणून देतात. जोडभिंगाची आठवण येते, हात उगाचच टेबलावर काहीतरी जुळवत राहतात. सातव्या पट्ट्याचे खरे फोटो कोरडेठाक आहेत. कुठे ते तुलाही सांगत नाही, तुझ्यासाठीच. या नकाशाशेजारी ते ठेवले की घरं होती हे कळतं, आणि ती कशी गेली हेही. योग्य माणूस भेटेल तेव्हा देईन. सध्या मी माणसं पारखून घेते आहे. खिडकीशी जो येतो त्याचे आधी बूट बघते.

म्हणूनच परवा आलेल्या बाईला मी तोंड वर करून पाहिलंच नाही पहिल्यांदा. पायात बूट नव्हतेच, चपला होत्या, दोऱ्याने बांधलेल्या. म्हातारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. सोबत सून. म्हणाली, उत्तरेच्या किनाऱ्याचा नवा नकाशा द्या. मला लगेच शंका. हिला कुणी पाठवलं? बूटवाल्याने तर नाही? मी विचारलं, “कशाला हवा?”

“अर्ज केलाय आम्ही, घरी जायचं म्हणून. ते म्हणतात, तिथे गाव होतं असं नकाशात दाखवा.”

तरी मी खात्री केली. म्हटलं, “मावशी, तिथे कधी विमान उतरलं होतं का?”

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. “उतरलं होतं? अहो, ओढून माझे खांदे निखळले! त्यातला तो एक गुडघेदुख्या, ‘जपून हं, भिंग फुटेल, भिंग फुटेल’ करत आमच्या पुढे नाचत होता. दोर ओढायला मात्र हात लावला नाही.”

छोट्या, मी नकाशा उघडला. तिला कुठून वाचता येणार, म्हणून तिचं बोट धरून ओढ्यावर ठेवलं. हा ओढा, हा मोठा खडक. मग तिचं तिलाच कळायला लागलं. “हे माझ्या जावेचं. हे दिराचं. हे त्या भांडकुदळ बाईचं, हिचं दार अजून आमच्याच अंगणात उघडतं बघा.” सून हसायला लागली. म्हातारी बोटाने एकेक घर घेत गेली, तेविसावर थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

“माझं नाही यात.”

मी म्हटलं, असं कसं होईल, मी स्वतः मोजलीत. तर म्हणाली, “कड्याच्या अगदी पोटाशी होतं आमचं. दुपारी ऊन नाही लागायचं, म्हणून तर तिथे बांधलं.”

तुझे फोटो दुपारचे. कड्याची सावली पूर्वेला. तिचं घर त्या सावलीत होतं आणि मी त्यावर काळी रेघ ओढून ‘कडा’ लिहिलं होतं.

तीस वर्षांत फोटोत न दिसलेला एक ठिपकासुद्धा मी काढलेला नाही, हा माझा ताठा तुला माहीत आहे. त्यापायीच तर आपलं सगळं झालं. नियम आहे, जमिनीवर जाऊन विचारून नकाशा दुरुस्त करता येतो, खाली सही करायची. इतक्या वर्षांत तो नियम मी एकदाही वापरला नव्हता. माणसं खोटं बोलतात, सावली बोलत नाही, असं मुलींना शिकवायचे.

दौत काढली. विचारलं, “मावशी, दार कुठल्या बाजूला होतं?” तिने सांगितलं. कड्याच्या पोटाशी चोविसावं घर काढलं, कडेला लिहिलं, ‘राहणारीच्या सांगण्यावरून’, आणि सही केली. शाई वाळेपर्यंत तिघीही त्यावर फुंकर घालत बसलो.

त्या बाईची माझी ओळख ना पाळख, तिचं नावही विचारलं नाही, आणि तिच्या एका शब्दावर सही केली. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं, आणि त्या वेळी पाचर सुटलेली दिसली तेव्हा उठून साहेबांकडे गेले. तुझ्याकडे आले नाही.

मिस्त्री सांगतात की ते तेव्हाही त्याच विमानावर होते, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की म्हणतात, ते त्यालाच विचारा. बरोबरच आहे. नऊ वर्षं उशिरा विचारतेय. खोक्यावर ‘पूर्ण’ लिहिलंस, छोट्या, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?

ताई